तुमच्याच खाली तं लिवलेलं होतं

गेल्या डिसेंबरातला बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात दुपारनंतरच गर्दी होते. आधी भाजीपाला, मग तेल-मीठ आणि सगळ्यात शेवटी दवाखाना, असा खेड्यांवरून येणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. काकाजी मात्र सकाळीच येऊन बाकावर बसले होते. सहा वर्षांपासून ते माझ्याकडे येतात. शुगरही आहे आणि बीपीही. दंडाला पट्टा बांधून पाहिलं तर १८० वर ११०. मागच्या खेपेला १३४ वर ८४ होतं, केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

"गोया घेऊन राह्यले ना जी?"

"सरल्या."

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस."

"मग आणल्या काहून नाही?"

ते टोपी हातात घेऊन तिची घडी घालत, मोडत बसले. मी घाई केली नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमच्या शिबिराचे थे पाच रुपये तं भरले होते मी."

कोणते पाच रुपये, ते मला कळेना. आमच्या शिबिराला कधीच पैसे नसतात. मग हळूहळू, एकेक धागा ओढावा तसं सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून बोलतो म्हणून एका पोराचा फोन आला होता. त्याला काकाजींचं नाव ठाऊक, गाव ठाऊक, शुगर आहे तेही ठाऊक. मॅडमनीच फोन करायला सांगितला म्हणाला. नागपूरचे मोठे डॉक्टर येणार आहेत, त्यांच्याकडे नंबर लावायचे पाच रुपये, मोबाइलवर एक फाइल पाठवतो ती उघडून भरा. काकाजींना ते जमत नव्हतं, म्हणून नववीतल्या नातवाने फाइल उघडली. फोनने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, त्याने होय होय केलं. आत फॉर्म होता. नाव, बँक, एटीएम कार्डावरचे आकडे, पिन. आज्याने खिशातून कार्ड काढून दिलं, नातवाने आकडे भरले. त्या रात्री पहिल्या वेचणीच्या कापसाचे ४८ हजार रुपये खात्यातून गेले. चार वेळा मिळून गेले, आणि बँकेचा एकही मेसेज काकाजींना दिसला नाही. कारण ती फाइल म्हणजे एक ॲप होतं आणि फोनवर येणारे ओटीपीसकट सगळे मेसेज ते परस्पर दुसरीकडे पाठवत होतं.

अकरा दिवस त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. गोळ्यांना पैसे नव्हते म्हणून गोळ्या बंद.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी दवाखान्याचं फेसबुक पेज उघडलं. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिनी आम्ही मोफत तपासणी ठेवली होती. तिची पोस्ट मीच लिहिली होती, आणि तिची शेवटची ओळ होती, "नाव नोंदवायचं असल्यास खाली नाव, गाव व मोबाइल नंबर लिहावा." खाली एकतीस जणांनी लिहिलं होतं. कोणी "आईला शुगर ८ वर्षांपासून, इन्सुलिन चालू", कोणी "वडील, पायाला जखम", आणि प्रत्येकापुढे दहा आकडे. काकाजींच्या नातवाने आज्याचं नाव, गाव, आजार, नंबर असं सगळं नीट, शाळेच्या वहीत लिहावं तसं लिहिलं होतं. भामट्याला काही शोधावंच लागलं नव्हतं. माणूस कोण, त्याला दुखतंय काय, त्याचा विश्वास कोणावर आणि त्याला फोन कुठे लावायचा, हे सगळं मी एका जागी मांडून ठेवलं होतं.

एखाद्या पेशंटचा केसपेपर मी बाजारातल्या खांबावर चिकटवला असता का? सेवाग्रामला शिकत असताना पहिल्या वर्षी आम्हाला एका खेड्यात राहायला नेलं होतं. तिथली घरं आमच्या बॅचने दत्तक घेतलेली. आजारपण विचारायचं तर घरात जाऊन, बसून, हळू आवाजात विचारायचं, हे मी तिथे शिकले. आणि तेच आजारपण मी माणसांना चव्हाट्यावर लिहायला सांगितलं. रात्री दीड वाजेपर्यंत बसून सगळ्या जुन्या पोस्ट उकरल्या आणि नंबर असलेली एकेक कमेंट काढून टाकली. त्या एकतीसही जणांना दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातून फोन केले. त्यातल्या सात जणांना तसाच फोन येऊन गेलेला होता. दोघींनी फाइल उघडली होती, पण खात्यात काही नव्हतं म्हणून वाचल्या.

हे पेज मी सुरू केलं २०२० मध्ये, टाळेबंदीत. त्याआधी दवाखान्याच्या दारावर खडूचा फळा होता, त्यावर वेळ लिहायची. खेड्यावरून माणूस यायचा बंद झाला आणि फळा वाचणारं कोणी उरलं नाही. मनात धाकधूक होतीच. डॉक्टरांनी जाहिरात करू नये असं २००२ ची आमची आचारसंहिता सांगते. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहोत, एवढं कळवायला मुभा आहे. म्हणून मी ठरवलं की वेळ कळवायची आणि आजाराची माहिती द्यायची, बाकी काही नाही. पेशंटचा फोटो कधी टाकला नाही. पैसे भरून पोस्ट पसरवली नाही.

तरी पेज पसरलं. फवारणीच्या दिवसांत तर फारच. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दिवस इथला कोणताच डॉक्टर विसरणार नाही. म्हणून दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर मी लिहीत राहते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, दोन औषधं मनाने एकत्र करू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, डोळ्यांपुढे धूसर झालं, लाळ गळायला लागली की घरी न थांबता निघा. लोक ते एकमेकांना पाठवतात. सालदारही वाचतात.

आणि बाया लिहितात. उघड नाही, मेसेजमध्ये, रात्री अकरानंतर. दवाखान्यात सासू शेजारी बसलेली असते तेव्हा "डोकं दुखते" एवढंच सांगणारी सून रात्री लिहिते, "मॅडम, अंगावरून पांढरं जाते, दोन वर्ष झाले, कोणाले सांगू." काकाजींच्या प्रकारानंतर माझा भाऊ म्हणाला, बंद करून टाक ते पेज, नसती कटकट. त्याचं चूक नव्हतं. पण या बायांची ओसरी मी कशी मोडू? दुसरी कुठे आहे त्यांना?

पण ओसरी उघडी राहिली की तिथे कोणीही येऊन बसतं. आमच्या पेजवर काय काय येतं ते सांगते. "आधार कार्डावर दोन लाख कर्ज, पाच मिनिटांत." "घरबसल्या पॅकिंगचं काम, महिना तीस हजार." पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता अडकला आहे, केवायसीसाठी ही फाइल उघडा. ही शेवटची मला सगळ्यात जास्त भीती घालते, कारण इथे जवळजवळ प्रत्येक घर त्या हप्त्याची वाट पाहत असतं. आणि मग औषधवाले. मधुमेहाची पोस्ट टाकली की तासाभरात खाली येतं, "माझी शुगर १५ दिवसांत गेली, आता एकही गोळी नाही, या डॉक्टरांना फोन करा." मधुमेह पूर्ण बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धच तो कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. सत्तर वर्षं उलटून गेली, आणि ती जाहिरात माझ्याच पोस्टखाली, माझ्याच फोटोला टेकून उभी असते.

टेकून उभी असते, हा त्यातला खरा घाव. मला तो कळला एका आईमुळे. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या भागात हा आजार कोलाम, गोंड आणि इतर अनेक समाजांत घरोघरी भेटतो. मुलीला हायड्रॉक्सियुरिया सुरू होतं. या गोळीने आजार जात नाही, पण ते जीवघेणं हाडं फोडणारं दुखणं वारंवार उठत नाही. वर्षभर मुलगी चांगली होती, शाळेत जात होती. एका पहाटे आईबाप तिला बैलबंडीत घालून घेऊन आले. मुलगी कण्हत होती, पाय जवळ घ्यायलाही तयार नव्हती. सलाइन लावलं, दुखणं थोडं उतरवलं आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, गोळी चालू आहे ना? आईने पिशवीतून प्लॅस्टिकची डबी काढली. काळपट पूड. अडीच हजाराचं पार्सल, पोस्टमनच्या हातात पैसे देऊन सोडवलेलं. सोबतची चिठ्ठी म्हणत होती की इंग्रजी गोळ्या बंद करा, नाहीतर गुण येणार नाही.

मी रागावले. आता वाटतं, नको होतं रागवायला. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याच खाली तं लिवलेलं होतं."

तिच्या लेखी ते पेज म्हणजे मी. तिथे जे काही लिहिलेलं आहे ते मला चाललं म्हणूनच तिथे आहे. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर कोणी पूड विकायचा कागद चिकटवला आणि तो महिनाभर तसाच राहिला, तर येणारा काय समजेल? मॅडमच्या परवानगीनेच लावला. तिने जे समजून घेतलं ते अगदी बरोबर होतं. ती कमेंट तेवीस दिवस तिथे होती. मी पाहिली होती. कचरा म्हणून सोडून दिली होती.

मुलगी बरी आहे. गोळी पुन्हा सुरू आहे.

तेव्हापासून पेज झाडणं हे दवाखाना झाडण्याबरोबरच होतं. आमच्या सिस्टरताई सकाळी आल्या की आधी केराची टोपली, मग फोन. पेजच्या सेटिंगमध्ये शब्दांची एक यादी देता येते, त्यातला शब्द असलेली कमेंट आपोआप लपते. मोठ्या उत्साहाने आम्ही यादी केली आणि दोन दिवसांत कळलं की भामटे आमच्यापेक्षा भाषेत हुशार आहेत. शुगर अडवलं तर सुगर येतं, सुगर अडवलं तर शु ग र. उलट आमचीच माणसं अडायला लागली. "मॅडम, बाबाची शुगर वाढली, कधी आणू" हीसुद्धा लपली आणि बिचाऱ्यांना दोन दिवस उत्तर गेलं नाही. मग आजारांची नावं काढून टाकली आणि कर्ज, पार्सल, गॅरंटी, घरबसल्या असे शब्द ठेवले. लिंक असलेली कमेंट आपोआप लपवायची सोय असते, ती चालू केली. ते जास्त कामाचं निघालं. आणखी एक गोष्ट ताईंनीच शोधली. नुसती लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यामुळे कचरा असेल तर लपवायचा नाही, काढूनच टाकायचा आणि लिहिणाऱ्याला ब्लॉक करायचं. मात्र कोण्या पेशंटने चुकून नंबर लिहिला, तर कमेंट काढायची आणि त्याला मेसेजमध्ये प्रेमाने सांगायचं. ताई सांगतात तसं मला सांगता येत नाही: "दादा, नंबर असा बाहेर नको ठेवू बाप्पा, ढोर सोडल्यावानी."

एकदा मीही फसता फसता राहिले. रात्री पावणेबाराला मेसेज आला, निळी खूण, "मेटा सपोर्ट", तुमच्या पेजने नियम मोडले, २४ तासांत पेज कायमचं बंद, हरकत असल्यास इथे पासवर्ड टाका. अंगठा लिंकवर टेकला होता. थांबले ते एवढ्याचसाठी की काकाजींना सांगताना स्वतःच म्हटलं होतं, घाई कोण करतं ते आधी पाहा. पाठवणारं ते स्वतःच कोणीतरी नुकतंच काढलेलं पेज होतं. खरी सूचना असती तर आपल्याच खात्याच्या सेटिंगमध्ये दिसली असती.  दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला, लॉगिनला दुसरी पायरी लावली आणि भावाला जोडीचा ॲडमिन केलं, म्हणजे एकाचं खातं गेलं तरी किल्ली हातात राहते.

तर काकाजी. मला राहून राहून त्या अकरा दिवसांचं वाटतं. इथे साप चावला तर माणूस ओरडतो, आळीतली माणसं धावतात, कोणी मोटरसायकल काढतं. मण्यार तेवढी वेगळी. ती रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. माणूस कूस बदलून परत झोपतो आणि पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या उचलत नाहीत. तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. ती फाइल मण्यारीसारखीच चावली. पण मण्यार चावलेल्याला निदान लाज तरी वाटत नाही.

त्या दिवशी मी ओपीडी अर्धा तास थांबवली. बाहेरच्यांना सांगितलं, थोडं इमर्जन्सी आहे, आणि ते खोटं नव्हतं. आधी काकाजींचा फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि माझ्या फोनवरून १९३० लावला, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. काय लागतं ते तिथे कळलं: बँकेचं नाव, कोणत्या तारखेला किती गेले, प्रत्येक व्यवहाराचा नंबर. पासबुक काकाजींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं, पण त्यात नोंदी चढलेल्या नव्हत्या. ताई त्यांना घेऊन बँकेत गेल्या, नोंदी छापून आणल्या. तक्रार लागली, पावती क्रमांक मिळाला. तक्रार आली की पैसे जिथे पोहोचले त्या बँकेला कळवलं जातं आणि ते अजून खात्यात असतील तर तिथेच अडकवले जातात. सगळं वेगावर असतं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात असे पळत असतात. अकरा दिवसांनी तिसऱ्या खात्यात ३,१०० रुपये सापडले. तेवढे थांबले.

तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदारांनी काकाजींना खुर्ची दिली, चहा दिला. ते फार बरं झालं. दुसऱ्याचं नाव लावून मोबाइल-कॉम्प्युटरवरून फसवणूक करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं त्यांनी वाचून दाखवलं. काकाजींनी ते ऐकलं आणि एकच विचारलं, "त्यात माह्या नातवाचं नाव तं नाई येत ना सायेब?"

तेव्हा मला अकरा दिवसांचा उलगडा झाला. ते स्वतःसाठी लपवत नव्हते. परत येताना ताईंना म्हणाले, "पैसे गेले थे गेले. पोट्ट्याचं नाव नको निंगाले. त्याचा बाप लय तापट हाय, मारून टाकन त्याले."

आता शिबिराची नावं कागदाच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतो. आशाताई गावात फिरून लिहून आणतात. दाराशी खडूचा फळा परत आला आहे आणि त्यावर, पेजवर सगळ्यात वर, आणि गोळ्यांच्या पाकिटावरही एकच मजकूर आहे: "दवाखाना फोनवर पैसे मागत नाही. फाइल पाठवत नाही. असा फोन आला तर आम्हाला सांगा, कोणी रागावणार नाही." शेवटचे तीन शब्द मी मागाहून घातले. मध्यंतरी फोन लावला की आधी बच्चनच्या आवाजात सावध करायचे, पण ते हिंदीत. आमच्या म्हाताऱ्या माणसांना तो आवाज आवडायचा, अर्थ अर्धाच पोहोचायचा. म्हणून ताईंनी आमच्या वऱ्हाडी बोलीत दीड मिनिटाचं बोलून दिलं आहे, ते पेजवर आहे. आणि बीपी अचानक वाढलेलं दिसलं, झोप नाही, जेवण नाही म्हणणारा कोणी आला, तर मीठ किती, तंबाखू किती याच्याबरोबर मी आता विचारते, "मोबाइलवर काही झालं काय जी?" गेल्या सात महिन्यांत चार जणांनी मान हलवली. त्यातली एक अंगणवाडीतली बाई त्याच दिवशी आली होती, पैसे जाऊन दोन तास झाले होते. तिचे बरेचसे थांबले.

काकाजींच्या केसपेपरवर बीपीच्या रकान्याखाली तक्रारीचा पावती क्रमांक लिहिला आहे. दर खेपेला ते पट्टा बांधायच्या आधी विचारतात, "आलं काय जी काही?" मी तक्रारीचं पोर्टल उघडून पाहते, सांगते. बीपी आता १४८ वर येऊन थांबलं आहे. औषधाचा डोस वाढवून पाहिला, पण ते त्याखाली येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला होता. फवारणीने हातावर पुरळ उठलं होतं. मलम लिहून दिलं, हातमोज्यांचं बोलले. उठता उठता तो दारात थांबला.

"मॅडम, बाबाचं बीपी काहून नाई उतरून राह्यलं जी? काई टेन्शन हाय काय त्यायले? मले तं काईच सांगत नाई."

आतल्या पलंगावर सलाइन लावलेली बाई होती. ताई माझ्याकडे पाहत होत्या. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं मी त्याच्या मुलालाही सांगू शकत नाही.

"तूच विचार त्यांना," मी म्हटलं. "आणि जे सांगतील त्यावर एक दिवस काही बोलू नको. लेकरालाही काही म्हणू नको."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "कोणत्या लेकराले?"